मांडवासाठी पेरलेली जिप्सी

क्षमा मागण्याच्या बाबतीत आमच्या गावात माझा हात कोणी धरू शकत नाही, हे मी नम्रपणे नमूद करतो, आणि असे नमूद केल्याबद्दल लगेच क्षमाही मागतो. एसटीत दुसऱ्याचा पाय माझ्या पायावर पडला तरी ‘चुकलं माझं’ हे शब्द माझ्याच तोंडून निघतात. शाळेत विद्यार्थ्याला उत्तर आले नाही, तर असला अवघड प्रश्न विचारल्याचा खेद मलाच होतो. आमच्या लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा माळ घालताना माझ्या कोपराचा धक्का बायकोच्या मुंडावळ्यांना लागला. नवऱ्याच्या तोंडून तिने ऐकलेले पहिले वाक्य ‘चुकलं माझं’ हेच होते. त्यावर ती ‘बरं’ म्हणाली. पुढच्या संसारात या संवादात फारशी भर पडलेली नाही.

अशा माणसाने कोणाला शब्द देऊ नये. तो मी दिला, आणि तोही भर साखरपुड्यात.

मुलगी आमची एकुलती एक. नांदेडला औषधांच्या दुकानात नोकरी करते. लग्न ठरले तेव्हा तिने दागिने, साड्या, जेवणाचा बेत यांपैकी कशाबद्दलही हट्ट केला नाही. तिची मागणी एकच होती. मैत्रिणीच्या लग्नात तिने एक फूल पाहिले होते. फूल म्हणजे फुलांचा नुसता धुरळा. मोहरीएवढ्या पांढऱ्या ठिपक्यांची फांदी. गुलाबांच्या मधल्या रिकाम्या जागा भरायला तो वापरतात, आणि हल्ली नवरीच्या अंबाड्यातही खोवतात. त्याचे शास्त्रीय नाव लांबलचक आहे. फूलवाले त्याला जिप्सी म्हणतात. “स्टेजवर आन माझ्या केसांत ते पांढरं पाहिजे,” ती म्हणाली, “बाकी तुमाला जे करायचं ते करा.”

हे फूल बाहेरून येते, दाट तिथीला मिळत नाही, मिळाले तर कोमेजलेले मिळते, अशी चर्चा साखरपुड्याच्या पंगतीत चालली होती. मी वाढप करत होतो. हातात वरणाची बादली असताना माणसाने मौन पाळावे, पण मी मुलीच्या होणाऱ्या सासूबाईंसमोर थांबलो आणि म्हणालो, “बाहेरून कशाला? आपल्याच शेतात पेरतो मी. लेकीच्या मांडवाला घरचं फूल.”

सासूबाईंनी कौतुकाने मान हलवली. मुलीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की तशी नजर तिच्या डोळ्यांत मी ती लहान असताना शेवटची पाहिली होती. त्या नजरेने माझा घात केला. मी त्याच वेळी हिंगोलीच्या सजावटवाल्याला फोन लावला आणि सांगितले, “गुलाब, झेंडू सगळं तुम्ही आणा. ते पांढरं तेवढं आणू नका. ते घरचं आहे.”

माझ्या बायकोने पाण्याचा जग खाली ठेवला आणि हळूच विचारले, “तुमी आजवर मेथी तरी पेरली का कधी?”

शेत वडिलोपार्जित आहे, सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याखाली. त्यात हळद होते, गहू होतो, हरभरा होतो. पण ते सारे माझा चुलतभाऊ करतो. मी शाळेतून आल्यावर बांधावर उभा राहून पिकांना सहानुभूती दाखवतो.

बी मागवले. काळे, बारीक, खसखशीसारखे. ज्या रोपवाटिकेतून ते घेतले, तिथल्या माणसाने मला नीट समजावून सांगितले होते. हे फूल एका पेरणीला एकदाच उमलते, आणि तो बहर थोडेच दिवस टिकतो. म्हणून सगळे बी एकदम पेरायचे नाही. थोडे आज, थोडे आठवड्याने, थोडे त्याच्या पुढच्या आठवड्याने, असे टप्प्याटप्प्याने टाकायचे; म्हणजे लग्नाच्या दिवशी कोणता ना कोणता वाफा ऐन भरात असेल. मी मान डोलावली. मुद्दा कळला, आवडला. शिक्षक असल्यामुळे मी तो घरी येऊन बायकोला पुन्हा समजावूनही सांगितला.

आता पेरणीचा दिवस. चुलतभावाने गादीवाफे करून दिले होते. जमिनीला सुरेख वापसा आलेला. माती मुठीत धरली तर गोळा होई आणि सोडली तर मोकळी होई. मी बी राखेत मिसळले, पहिला वाफा पेरला आणि उरलेली पुडी खिशात घालून घराकडे निघालो.

“दादा, कुठं निघाले?” चुलतभाऊ म्हणाला.

“राहिलेलं पुढच्या आठवड्यात पेरायचं आहे.”

तो माझ्या खिशाकडे असा पाहू लागला, जणू मी देवळातली घंटा खिशात घालून निघालो आहे. “पेरायला काढलेलं बी वापस घरी नेऊन राहिले तुमी? लेकीच्या लग्नाचं?”

आमच्या घराण्यात एक नेम आहे. पेरणीसाठी शेतात नेलेले बी घरी परत आणायचे नाही. शेवटची मूठसुद्धा त्याच दिवशी, त्याच मातीत जायची; उरलेच तर बांधावर फेकायचे, पण उंबरठ्याच्या आत न्यायचे नाही. वडिलांनी हा नेम कधी मोडला नाही. तो ज्वारीसाठी आणि हरभऱ्यासाठी आहे, फुलांच्या गुच्छांसाठी नाही, हे मला कळत होते. बी सकाळी मोजून तेवढेच आणायला हवे होते, हेही त्याच क्षणी कळले. पण चुलतभाऊ समोर उभा होता, वडील मनात उभे होते, आणि दोघांचेही मन दुखवणे मला जमले नाही. मी “चुकलं माझं” म्हणालो, खाली वाकलो आणि सगळे बी पेरून मोकळा झालो. रोपवाटिकेतला माणूस दूर होता. त्याचे मन दुखावलेले मला दिसणार नव्हते.

रोपे छान आली. खुरपायला शेजारच्या तांड्यावरच्या बाया आल्या होत्या. त्यांतल्या एकीने वाफ्याकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, “गुरुजी, हे उपटायचं का ठिवायचं?”

“ठेवायचं. हे फूल आहे.”

“फूल?” ती दुसरीकडे वळली. “अगं, गुरुजींनी गाजरगवत पेरलंय!”

मी त्यांना समजावले की हे गाजरगवत नव्हे. दिसायला लांबून थोडे तसे, पण याला शहरात मागणी आहे. “कशाला लागतं?” तिने विचारले. मी म्हणालो, “दुसऱ्या फुलांच्या मधली मोकळी जागा भरायला.” ती हसू आवरत म्हणाली, “मोकळी जागा व्हय? ती तर आमच्याकडं लई हाय. रोपं देजा थोडी.” त्या दिवशी खुरपणी कमी आणि हसणे जास्त झाले. माझ्या बोलण्याने त्यांच्या कामाचा खोळंबा झाला म्हणून मी त्यांची क्षमा मागितली. त्यावर त्या आणखी हसल्या.

मला मात्र या फुलाविषयी जिव्हाळा वाटू लागला होता. ज्याच्याकडे कोणी पाहत नाही, पण जे नसले तर सगळे उघडे पडते, असे हे फूल. आणि असाच घरातला बाप, अशी एक उपमा मला वाफ्याच्या कडेला बसलो असताना सुचली. मी ती लग्नातल्या मनोगतासाठी राखून ठेवली. मुलीला फोनवर ऐकवलीही. मग ती म्हणाली, “बाबा, लग्नात भाषण करायचं न्हाई.”

माघातल्या एका सकाळी शेतावर गेलो तर सगळे वाफे पांढरे झाले होते. सगळे. एकही फांदी मागे राहिली नव्हती. उन्हे अजून वर यायची होती, आणि काळ्या मातीवर कोणीतरी दूध सांडून ते हवेत तरंगत ठेवल्यासारखे दिसत होते. मधमाश्या आल्या होत्या. इतके सुंदर दृश्य माझ्या हातून आयुष्यात निर्माण झाले नव्हते, आणि ते पाहून मी बोटांवर दिवस मोजू लागलो. कारण लग्नाला अजून पंधरवडा होता.

बायकोला बोलावून आणले. तिने कमरेवर हात ठेवून सगळे वाफे पाहिले.

“लई झ्याक आलं,” ती म्हणाली. “लगीन आज असतं तर.”

“चुकलं माझं.”

“ते ठाव हाय. पुढं काय करता ते सांगा.”

पुढचे मी रोपवाटिकेला फोन करून विचारले. तिथला माणूस मला एका शब्दानेही टाकून बोलला नाही, याचेच मला जास्त वाईट वाटले. तो म्हणाला, हे फूल वाळले तरी रूप सोडत नाही. फांद्या कापून जुड्या बांधा, सावलीत उलट्या टांगा, वारा खेळता ठेवा, पांढरीच राहतील. माझ्या जिवात जीव आला. शेतातल्या पत्र्याच्या खोलीला आमच्याकडे आखाडा म्हणतात. तिथे दोरी बांधून मी सगळ्या जुड्या खाली डोके वर पाय अशा टांगल्या. दार, खिडकी सताड उघडी ठेवली. मुलीला फोटो पाठवला. तिने त्यावर बदाम पाठवले. मी ते बदाम बायकोला दाखवले, चुलतभावाला दाखवले आणि शाळेत शिपायालाही दाखवले.

माझा एक दोष इथे सांगितला पाहिजे, कारण पुढचे सारे त्याच्यावरच उभे आहे. मला ‘नाही’ म्हणता येत नाही. ‘माझी काही हरकत नाही’ या वाक्यात मात्र ‘नाही’ येते आणि ते मला फार सहज म्हणता येते.

लग्नाच्या तीन-चार दिवस आधी चुलतभाऊ घरी आला. त्याची हळद शिजवून, वाळवून तयार होती. वाळलेली हळकुंडे पॉलिश करायचा लोखंडी ड्रम असतो. ट्रॅक्टरवर फिरतो, आणि गावात ज्याची पाळी येईल त्याने त्याच दिवशी काम उरकायचे.

“दादा, उद्या माझी पाळी लागली. आमच्या अंगणात तुमचे पाव्हणे उतरणार, ते पिवळं कशाला करू? ड्रम तुमच्या आखाड्यापुढं लावतो. कालव्याच्या रस्त्यानं ट्रॅक्टर बराबर जातो तिथं. काही तकलीफ?”

मी पत्रिका वाटायला निघालो होतो. एक पाय चपलेत होता. माझ्या पाहुण्यांसाठी तो आपले अंगण स्वच्छ ठेवतो आहे, या विचाराने मी गहिवरलो. “माझी काही हरकत नाही,” मी म्हणालो.

हळदीचा ड्रम फिरताना ज्याने पाहिला नसेल त्याला कल्पना येणार नाही. हळकुंडे एकमेकांवर घासतात, वरची साल निघते आणि पिवळी भुकटी ढगासारखी उठते. माणसे डोक्याला फडकी बांधून काम करतात आणि संध्याकाळी पापण्यांपर्यंत पिवळी होऊन घरी येतात. तो ढग त्या दिवशी वाऱ्याबरोबर उठला, माझ्या आखाड्याच्या सताड उघड्या दारातून आत शिरला आणि खिडकीतून बाहेर पडला. वाटेत त्याला जुड्या भेटल्या.

दुसऱ्या दिवशी मुलगी रजा घेऊन घरी आली. आल्या आल्या म्हणाली, “चला, माझी फुलं दाखवा.” आम्ही तिघे शेतावर गेलो. मी पुढे होतो. मोठ्या दिमाखात बाजूला झालो आणि तिला आधी आत जाऊ दिले.

मग मी डोकावलो.

दोरीवर टांगलेली एकूण एक जुडी हळदीसारखी पिवळी झाली होती. हळदीसारखी कशाला म्हणू, ती हळदच होती. प्रत्येक इवल्या पाकळीवर, देठावर, दोरीच्या गाठीवर. मुलीने एका जुडीवर हलकेच फुंकर मारली. पिवळा धूर उठला. तिला शिंक आली, मग बायकोला, मग मला.

“धुऊन निघंल का?” बायकोने विचारले. एक जुडी बादलीत बुडवून पाहिली. फुलांचा लगदा झाला, पाणी पिवळे झाले आणि रंग होता तिथेच राहिला. मी सजावटवाल्याला फोन केला. तो म्हणाला, “सर, तुम्ही नको म्हणाले म्हणून मी मागवलंच नाही. आता तिथी लई दाट आहे. नांदेडात काडी शिल्लक नाही.”

मी फोन खिशात ठेवला. तिने आयुष्यात माझ्याकडे एकच वस्तू मागितली होती, आणि तीत रंगाचा उल्लेख स्पष्ट होता. मी बोलायला सुरुवात केली. बी एकदम पेरले तिथून, वापशापासून, आजोबांच्या नेमापासून. एका पायात चप्पल होती तिथपर्यंत यायचे होते. “चुकलं माझं,” मी म्हणालो, “बाळा, माझं फार चुकलं, मी तुझ्या...”

“बाबा, थांबा.”

तिचे डोळे भरले होते. ते हळदीने की माझ्यामुळे, हे मला अजून ठरवता आलेले नाही. ती एक जुडी हातात फिरवत राहिली. मग म्हणाली, “हेच लावायचं. स्टेजवर बी आन केसांत बी. पण माझी एक अट हाय.”

“सांग.”

“माझी गाडी निघेस्तोर ‘चुकलं माझं’ म्हणायचं न्हाई. कुणालाच न्हाई. मला लग्नात बाप पाहिजे, माफीवाला नको.”

बायको जोरात हसली. “त्यापरीस पांढरी फुलं आणणं सोपं हाय गं,” ती म्हणाली.

लग्नाच्या सकाळी बायकोने माझ्या हातात एक अख्खी सुपारी ठेवली. “तोंडात धरा. फोडायची न्हाई. आलंच काही ओठावर तर हिच्यावर दात ठिवा.” मी सुपारी गालात धरली आणि मांडवात जाऊन उभा राहिलो.

सजावटवाला स्टेज बांधत होता. लाल गुलाबांच्या मधून ती पिवळी फुले उन्हाच्या तिरिपेसारखी डोकावत होती. मला पाहून तो जवळ आला. “सर, हा रंग कुठून मागवला? असलं रंगवलेलं फूल मोठ्या शहरात लावतात. आमाला मिळत न्हाई.” सत्य माझ्या घशापर्यंत आले. हा रंग नसून अपघात आहे, आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे, हे सांगणे माझे कर्तव्य होते. स्टेजच्या मागून मुलगी पाहत होती. मी सुपारीवर दाढ दाबली आणि म्हणालो, “घरचा आहे.” आयुष्यात पहिल्यांदा मी न मिळवलेले कौतुक जिथल्या तिथे ठेवून घेतले. दाढ अजून दुखते.

मंगलाष्टकांच्या वेळी नवरदेव शिंकला. तिसऱ्या अष्टकाला पुन्हा शिंकला. भटजी थांबले. मी पुढे सरसावलो. बायकोने मागून माझा सदरा धरला. अक्षता टाकायला जो जो स्टेजवर गेला तो खांद्यावर पिवळा ठिपका घेऊन उतरला. मुलीच्या अंबाड्यातून भुकटी गळून मानेवर उतरली होती, आणि नेसली होती ती पिवळी अष्टपुत्रीच, म्हणून तिच्यावर ते शोभत होते. नवरदेवाच्या मामांच्या कडक इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यावर शोभत नव्हते. मामा माझ्यासमोर उभे राहिले आणि बाही पुढे करून म्हणाले, “व्याही, हे काय?”

सगळे शब्द तयार होते. मी सुपारी या गालातून त्या गालात नेली. तेवढ्यात विहीणबाई मामांना म्हणाल्या, “हळद हाय ती. लग्नाच्या हळदीला कुणी नाक मुरडतं काय? जपून ठिवा तो सदरा.” मामा गोंधळले, बाहीकडे पाहिले आणि मलाच म्हणाले, “माफ करा, व्याही.” आजवर मला कोणी असे म्हटले नव्हते. अशा वेळी काय उत्तर द्यायचे असते ते मला ठाऊक नव्हते. बायकोने मला पूर्वी एकदा दिलेले उत्तर आठवले. मी म्हणालो, “बरं.”

दुपार कलताना गाडी दाराशी लागली. मुलगी आईच्या गळ्यात पडली, चुलतभावाच्या पाया पडली. माझ्याजवळ आली तेव्हा मी तोंड घट्ट मिटून उभा होतो. तिने माझ्या फुगलेल्या गालावर बोट दाबले. “हाय का अजून?” मी मान हलवली. ती हसली आणि रडली, आणि तिच्या केसांतली भुकटी माझ्या सदऱ्यावर खांद्यापासून खिशापर्यंत पसरली. मग ती गाडीत बसली. कालव्याच्या रस्त्याने गाडी औंढ्याकडे वळेपर्यंत आम्ही दोघे पाहत राहिलो.

मांडवात खुर्च्या एकावर एक चढत होत्या. सजावटवाला स्टेज उतरवत होता. फुले फेकू का, असे त्याने लांबूनच हाताने विचारले. राहू दे, असे मीही हातानेच सांगितले.

“गेली गाडी,” बायको म्हणाली. “थुका आता ती सुपारी, आन म्हणा काय म्हणायचं ते.”

मी सुपारी काढली आणि हातात धरली. दिवसभर दाबून ठेवलेले सगळे आता एकदम बाहेर येईल, अशी माझी खात्री होती. तोंड उघडले. काही आलेच नाही. रस्त्यावर गाडीची धूळ अजून बसायची होती.

“पुढच्या वर्षी थोडं थोडं पेरू,” मी म्हणालो. “टप्प्याटप्प्यानं.”

तिने पदराने माझ्या सदऱ्यावरचे पिवळे झटकायला घेतले, आणि मध्येच थांबली.

“पुढच्या वर्षी कुणाचं लगीन हाय?” ती म्हणाली.